पणजोबांच्या ट्रंकेतलं टोकदार जर्मन शिरस्त्राण खरंच 'जनरलचं' आहे का, आणि त्याचं वर्णन लिहायचं कसं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, काही चुकलं तर सांगा. पुण्यातलं जुनं घर आवरताना ट्रंकेत एक टोकदार जर्मन शिरस्त्राण सापडलं. घरात पूर्वीपासून सांगतात की पणजोबा पहिल्या महायुद्धात होते आणि त्यांनी ते मेसोपोटेमियातून, म्हणजे आजच्या इराकमधून, आणलं. मुंबईतल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने फोटो बघून "प्रशियन जनरलचं आहे" असं ठोकून दिलं आणि एक आकडाही बोलला. आता तुम्हाला विचारायचंय की हे खरं मानायचं का, विकायला किंवा म्युझियमला द्यायला काढलं तर वर्णनात काय लिहायचं, आणि पितळ काळं पडलंय ते पॉलिशने घासून काढलं तर चालेल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण तुम्ही उद्या सकाळीच कापड घेऊन बसाल अशी भीती वाटते. घासू नका. का ते पुढे येईलच.

मी इथे कार्ल्सरूहेजवळ राहतो, पोटापाण्याची नोकरी वेगळी आहे, पण वीसेक वर्षं ही शिरस्त्राणं जमवतोय आणि लिलाववाल्यांना कॅटलॉगसाठी वर्णनं लिहून देतो, त्यामुळे बरी-वाईट मिळून बरीच हाताखालून गेलीत. यांना जर्मनमध्ये पिकेलहाउबे म्हणतात. हाउबे म्हणजे डोक्यावरचं टोपरं आणि पिकेल म्हणजे टोक, पण आजच्या बोलीत पिकेल म्हणजे तोंडावरची पुटकुळीसुद्धा, त्यामुळे ऑफिसात माझ्या छंदाचं नाव काढलं की तरुण मंडळी अजून हसतात. सैन्याच्या कागदपत्रात मात्र नुसतं 'हेल्म' असायचं. प्रशिया या जर्मन राज्याच्या चौथ्या फ्रीडरिश विल्हेल्म राजाने १८४२ साली ते पायदळाला दिलं, तेव्हा ते चांगलंच उंच होतं, मग १८५७, १८६०, १८६७, १८७१, १८८७, १८९१, १८९५ असं करत करत बुटकं आणि हलकं होत गेलं, आणि १९१६ मध्ये पोलादी हेल्मेट आलं तशी आघाडीवरची त्याची गरज संपली.

आता खरी अडचण. तुम्ही आणि तो दुकानदार दोघंही याच्याकडे एक वस्तू म्हणून बघताय. ही एक वस्तू नाहीये. चामड्याचा टोप, वरचं टोक, टोकाखालची बैठक, बैठकीचे स्क्रू, पुढचं चिन्ह (याला वापेन म्हणतात), हनुवटीचा खवल्यांचा पट्टा, दोन बाजूंच्या दोन रंगीत चकत्या म्हणजे कोकार्डे, आतलं अस्तर, पुढचा-मागचा व्हायझर म्हणजे झापड आणि त्यांच्या पितळी कडा, एवढे सगळे भाग स्क्रूने नाहीतर टाक्यांनी जोडलेले असतात. शंभर-सव्वाशे वर्षांत एक पेचकस आणि एक मोकळी दुपार मिळाली की यातला कुठलाही भाग बदलता येतो. साध्या शिपायाच्या टोपाला ऑफिसरचं टोक लावलं की किंमत कितीतरी पटीने वाढते, आणि हे काम लोकांनी गेल्या पन्नास वर्षांत भरपूर केलंय. म्हणून 'ऑफिसरचं' हा शब्द आधी लिहून मोकळं व्हायचं नसतं. एकेक भाग स्वतंत्र तपासायचा, प्रत्येकाने एकच साक्ष दिली तर शेवटी तो शब्द लिहायचा, आणि एकाने जरी वेगळं सांगितलं तर तेही वर्णनात लिहायचं.

तुमच्या फोटोंवरून मला काय दिसतं ते सांगतो. पुढचा व्हायझर गोल आहे. प्रशियन जनरलचा पुढचा व्हायझर चौकोनी कोपऱ्यांचा असतो, टोकावर उभ्या पन्हळी असतात, टोकाची बैठक चार पाकळ्यांच्या क्रॉससारखी असते आणि पुढे गार्डचा, म्हणजे राजाच्या खास पलटणींचा, पंख पसरलेला गरुड आणि त्यावर चमकता तारा असतो. तुमच्याकडे यातलं एकही नाही. तेव्हा जनरल गेला, तो विषय संपला. (एक जोड देतो, नाहीतर उद्या कुणी उलटं सांगेल: पन्हळीचं टोक दिसलं की लगेच जनरल असंही नसतं, बव्हेरियात साध्या ऑफिसरांनाही पन्हळीची टोकं होती.) तुमच्या टोकाची बैठक गोल आहे, त्यावर चांदणीच्या आकाराचे बारीक स्क्रू आहेत, चारपैकी एक गायब, टोकाच्या मानेशी मण्यांची रिंग आहे, गरुडाच्या छातीवर चांदीच्या रंगाचा छोटा क्रॉस आहे, उजवीकडे काळी-पांढरी-लाल चकती आहे आणि डावीकडची नाहीये. आत रेशमासारखं अस्तर दिसतं, थोडं फाटलेलं.

यावरून माझा पहिला अंदाज असा की प्रशियन लाइन पायदळाच्या (म्हणजे गार्ड सोडून बाकीच्या नेहमीच्या पायदळाच्या) राखीव दलातल्या, म्हणजे रिझर्व्हच्या ऑफिसरचं, १८९७ नंतरचं. पण अंदाज म्हणजे अंदाजच, कारण काही गोष्टी फोटोत दिसत नाहीत आणि निकाल नेमका त्यांच्यावर लागतो.

१८९७ कुठून काढलं ते आधी सांगतो, सगळ्यात सोपं तेच आहे. त्या वर्षी पहिल्या विल्हेल्म कैसरच्या जन्मशताब्दीला अख्ख्या जर्मन साम्राज्याची एक सामाईक चकती सुरू झाली, काळी-पांढरी-लाल, ती उजव्या बाजूला. आपापल्या राज्याची चकती, जी आधी उजवीकडे असायची, ती डावीकडे गेली. म्हणजे तुमची जी हरवलीये तीच खरी बोलकी होती. प्रशिया असेल तर काळी-पांढरी, बव्हेरिया पांढरी-निळी, सॅक्सनी पांढरी-हिरवी, व्युर्टेम्बर्ग काळी-लाल, आमचं बाडेन पिवळी-लाल. तुमच्या केसमध्ये गरुडावरून प्रशिया कळतंच, पण लिहिताना 'डावी चकती नाही' हे स्पष्ट लिहा. आणि कृपा करून नेटवरून एक घेऊन लावू नका, मग उजवीचीही साक्ष कुणी धरत नाही. साम्राज्याची चकती असलेलं शिरस्त्राण १८९७ नंतर वापरात होतं एवढंच त्यावरून सिद्ध होतं, टोप त्याआधीचाही असू शकतो, कारण ऑफिसर मंडळी स्वतःच्या पैशाने घ्यायची आणि नवीन नियम आला की जुन्यावरच एक चकती वाढवून काम भागवायची. म्हणूनच मी ऑफिसरच्या शिरस्त्राणाला '१८९५ मॉडेल' वगैरे छातीठोक लिहीत नाही, ते आकडे मुख्यतः शिपायांना सरकारी मिळणाऱ्या मालाचे आहेत. ऑफिसरचं असेल तर 'साधारण १८९७ ते १९१४' असा पट्टा लिहिलेला बरा.

क्रॉसचं काय. तो लांडवेअरचा क्रॉस. १८१३ साली नेपोलियनविरुद्ध प्रशियाने जे जनतेचं सैन्य उभं केलं त्याची ती आठवण, जवळून बघितलंत तर त्यावर 'मिट गॉट फ्यूर क्योनिग उंट फाटरलांट' आणि १८१३ असं असेल. देवाच्या साथीने, राजा आणि पितृभूमीसाठी. आपल्याकडे मातृभूमी, त्यांच्याकडे पितृभूमी, असो. सोनेरी गरुडावर वेगळा जडवलेला चांदीच्या रंगाचा क्रॉस ही रिझर्व्ह आणि लांडवेअरच्या ऑफिसरांची खूण आहे, पण क्रॉस एकटा असेल तर ऑफिसर ठरत नाही, कारण या दलांतल्या साध्या सैनिकांच्या वापेनवरही क्रॉस असायचा, फक्त तो त्याच पत्र्यात ठोकलेला असायचा. तुमचा वेगळा तुकडा आहे की एकसंध, ते मागून बघितल्याशिवाय कळणार नाही.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती गोष्ट, आणि इथे जरा थांबतो कारण मी स्वतः इथेच पडलोय. जर्मन सैन्यात 'एकवर्षीय स्वयंसेवक' नावाचा प्रकार होता. शिकलेल्या, पैसेवाल्या घरातला मुलगा सक्तीच्या दोन-तीन वर्षांऐवजी एकच वर्ष सेवा करायचा, बदल्यात कपडे, राहणं, खाणं सगळं स्वखर्चाने. त्यातले बरेच पुढे रिझर्व्हचे ऑफिसर व्हायचे. या मुलांनी शिरस्त्राणंही स्वतःच विकत घेतलेली असायची, बारीक चामड्याची, सुबक, सरकारी मालापेक्षा कितीतरी देखणी. जुने सार्जंटसुद्धा हौसेने अशी घ्यायचे. शंभर वर्षांनी ते हातात आलं की नवखा माणूस म्हणतो, अरे वा, किती छान, सरकारी शिक्का नाही, म्हणजे ऑफिसर! शिक्का नसणं म्हणजे फक्त सरकारने दिलेलं नाही, एवढंच. शिपायाच्या सरकारी टोपात आत किंवा मानेकडच्या बाजूला कोअरच्या, म्हणजे सैन्याच्या मोठ्या विभागाच्या, कपडेखात्याचा शिक्का, वर्ष, रेजिमेंट, कंपनी असं ठोकलेलं सापडतं. ते नाही म्हणजे खाजगी खरेदी. खाजगी खरेदी ऑफिसरची की त्या एकवर्षीय पोराची, हा पुढचा प्रश्न.

माझी फजिती सांगतो. इथे येऊन दोन-तीन वर्षं झाली होती, एका रविवारच्या फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे आपल्या जुन्या बाजारासारखंच, बाडेनचा ग्रिफिन (अर्धा गरुड, अर्धा सिंह) असलेलं एक शिरस्त्राण मिळालं. मण्यांची रिंग, चांदणीचे स्क्रू, सगळं होतं. विकणारा म्हणाला ऑफिसर, मी पण म्हणालो ऑफिसर, महिन्याच्या पगारातला चांगला लचका दिला. घरी आणून आठवडाभर मिरवलं. मग एका म्हाताऱ्या संग्राहकाकडे घेऊन गेलो. त्याने वापेनकडे बघितलंसुद्धा नाही. टोक हळूच सोडवलं, बैठक उचलली आणि चामड्यात बोट घातलं. चार स्क्रूंची चार भोकं, आणि त्यांच्या शेजारी अजून भोकं, जुनी, कडा मऊ झालेली, मेणाने बुजवलेली. आधी त्यावर वेगळी बैठक होती. एकवर्षीयाच्या टोपावर कुणीतरी ऑफिसरची बैठक आणि टोक चढवलं होतं. म्हातारा म्हणाला, पितळ खोटं बोलतं, भोकं नाही बोलत. ते शिरस्त्राण अजून माझ्याकडे आहे, विकलं नाही, विकताना खरं सांगावं लागेल आणि खरं सांगितलं तर कोण घेणार.

म्हणून तुम्ही करायचं पहिलं काम हेच. टोक डावीकडे फिरवून हळूच सुटतं का बघा (परेडच्या दिवशी टोक काढून त्याजागी केसांचा तुरा लावायचे, म्हणून बऱ्याच ऑफिसर-टोकांना आटे असतात). सुटत नसेल तर जोर लावू नका. मग आत अस्तर जिथे सैल आहे तिथून टॉर्च मारून बघा. प्रत्येक स्क्रूला एकच भोक हवं. रिकामं भोक, बुजवलेलं भोक, ओढून लांबवलेलं भोक, काहीही दिसलं की फोटो काढा.

दुसरं, वापेनची मागची बाजू. हे सोडवणं जमणार नसेल तर बाजूने जेवढं दिसतं तेवढं बघा. खरं वापेन पत्रा साच्यात ठोकून केलेलं असतं, म्हणून मागून गरुडाचा उलटा ठसा खोलगट दिसतो. ओतीव नकलेची पाठ सपाट किंवा खडबडीत, वाळूसारखी. ऑफिसरच्या वापेनमध्ये मुकुटाच्या कमानींमधली मोकळी जागा कापून काढलेली असते, आरपार चामडं दिसतं, शिपायाच्यात ती भरीव असते. ऑफिसरचं वापेन आटेवाल्या खुंट्या आणि नटांनी बसवलेलं असतं, शिपायाचं साध्या कड्यांत चामड्याची पाचर ठोकून. नट जर आजच्या षटकोनी हार्डवेअरच्या दुकानातला असेल तर निदान कुणीतरी हल्ली उघडून बसवलंय हे पक्कं.

आणि इथेच पॉलिशचं उत्तर. चांगल्या ऑफिसरच्या वापेनला पाऱ्यातून चढवलेला सोन्याचा मुलामा असतो. त्याची गंमत अशी की काही भाग मुद्दाम मॅट, धुरकट सोनेरी ठेवतात आणि पंखांच्या कडा, मुकुट असे उंचवटे घासून चमकवतात, त्या दोन छटांनीच गरुड जिवंत वाटतो. हा थर पातळ असतो. तुम्ही पॉलिश घासलंत की पहिल्या दहा मिनिटांत मॅट भाग गेला, पुढच्या दहा मिनिटांत सोनं गेलं, आणि खाली निघालेलं पितळ अगदी लखलखीत, देवघरातल्या समईसारखं. कॅटलॉगमध्ये मग 'मुलामा घासून गेलेला' असं लिहावं लागतं आणि ते एक वाक्य सगळ्यात महागात पडतं. आत्ता जे काळं दिसतंय त्यात निम्मी धूळ आणि चिकटा असेल. कोरडा मऊ ब्रश, बस्स.

तिसरं, हनुवटीचा पट्टा आणि तो टोपाला कसा अडकवलाय. १८९१ पासून शिपायांच्या शिरस्त्राणाला बाजूला एक खास खुंटी आली, पट्टा त्यावर अडकवायचा. ऑफिसरांनी ती घेतली नाही, त्यांचा पट्टा गुलाबाच्या आकाराच्या चकतीतून स्क्रूने बसवलेला राहिला. एकवर्षीय मुलांच्या देखण्या टोपांनाही बहुतेकदा ही १८९१ ची खुंटी असते, म्हणून बाजू बघणं फार उपयोगी. तुमच्या फोटोत पट्टा अर्धाच आहे पण गुलाबाची चकती मला दिसल्यासारखी वाटते. पट्टा सोडवून त्या जागेचा एक जवळचा फोटो टाका. ऑफिसरच्या चकत्यांचं मधलं पांढरं कडं चांदीच्या रंगाचं, बारीक चुण्या पाडलेलं असतं, शिपायाची चकती नुसती रंगवलेला पत्रा.

चौथं आत. ऑफिसरच्या टोपात घामासाठी एक चामड्याची पट्टी आणि तिच्या वर रेशमी अस्तर, वरच्या बाजूला नाडीने आवळलेलं. शिपायाच्यात चामड्याच्या पाकळ्या. व्हायझरच्या खालची बाजू बघा: ऑफिसरांत पुढच्याची खालची बाजू हिरवी आणि मागच्याची लालसर असते, पण महागडी एकवर्षीय टोपंही अशी येतात, म्हणून याला मी अर्धेच मार्क देतो. रेशमावर दुकानाचा सोनेरी छाप असेल तर सोनंच, उदाहरणार्थ बर्लिनचं 'वारेनहाउस फ्यूर आर्मे उंट मरीने', ऑफिसरांच्या सहकारी संस्थेचं दुकान, त्यांचा माल पुष्कळ सापडतो. अस्तराखाली कधीकधी नावाची चिठ्ठी, व्हिजिटिंग कार्ड किंवा आद्याक्षरं निघतात. रेशीम उसवू नका, सैल आहे तिथूनच आत बघा.

नाव निघालं तर काय होतं हे राज्यावर अवलंबून आहे आणि हा इतिहासाचा क्रूर विनोदच म्हणायचा. ऑफिसरांच्या छापील रँक-याद्या दरवर्षी निघायच्या, त्यात नाव-रेजिमेंट जुळवता येतं. पण त्यापुढे माणसाची सेवापुस्तिका बघायची तर बव्हेरियाची कागदपत्रं म्युनिकच्या क्रीग्सआर्कीव्हमध्ये, म्हणजे लष्करी दफ्तरखान्यात, अजून आहेत, आणि प्रशियाची पोट्सडॅमला होती ती एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात बहुतेक सगळी जळाली. तुमचं प्रशियन. तेव्हा फार आशा ठेवू नका, पण यादीत नाव सापडलं तरी वर्णनाचं वजन लगेच वाढतं.

आता घरातली गोष्ट, मेसोपोटेमिया. मी ती खोटी म्हणत नाही, पण जशी आहे तशी वर्णनात लिहू नका. मेसोपोटेमियात समोर तुर्की सैन्य होतं. जर्मन ऑफिसर होते, सहाव्या तुर्की आर्मीचा सेनापतीच फोन डेर गोल्ट्झ हा जर्मन फील्डमार्शल होता, एप्रिल १९१६ मध्ये बगदादला वारला, पण त्या उन्हात काळ्या वार्निशच्या चामड्याचं परेडचं शिरस्त्राण घालून कोण फिरणार. आपले मराठा पलटणीवाले, १०३, ११० आणि ११७ नंबरच्या, पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियातल्या कुतला होते, आणि जे २९ एप्रिल १९१६ ला कुतमध्ये पकडले गेले त्यांनी ट्रंकेत काही घालून घरी आणलं असेल हे अवघडच. पण दुसरी एक वाट आहे. १९१४-१५ मध्ये भारतीय सैन्याची इंडियन कोअर फ्रान्समध्ये होती, लाहोर आणि मेरठ डिव्हिजन, मुंबई आर्मीची १०७ पायोनिअर्स तिथे होती, आणि १९१५ च्या अखेरीला त्या दोन पायदळ डिव्हिजन फ्रान्समधून मेसोपोटेमियाला हलवल्या. फ्रान्समध्ये ही शिरस्त्राणं आठवण म्हणून उचलायची, विकायची-विकत घ्यायची रीतच होती. पणजोबा आधी फ्रान्स आणि मग मेसोपोटेमिया असे फिरले असतील तर गावाला सांगताना 'मेसोपोटेमियातून आणलं' असं होणं अगदी स्वाभाविक, कारण ते आलेच तिथून. त्यांची पलटण कुठली हे पेन्शनच्या कागदावर, मेडलच्या कडेवर कोरलेलं सापडेल. ते मेडल शिरस्त्राणाच्या शेजारी ठेवा, दोन्ही एकत्र असण्याला जी किंमत आहे ती दुकानदाराने सांगितलेल्या आकड्यात नव्हती.

वर्णनात मग असं लिहायचं: "कुटुंबाच्या सांगण्यानुसार पणजोबांनी पहिल्या महायुद्धातून आणलं, लेखी पुरावा नाही." एवढंच. घेणाऱ्याला ठरवू दे.

नकली असण्याची शक्यता किती? तुमच्या वर्णनात रेशीम, एक हरवलेला स्क्रू, एक हरवलेली चकती असं आहे, नकला करणारे सहसा इतकं अपूर्ण ठेवत नाहीत, त्यामुळे मी आशावादी आहे. पण तुम्ही भारतात आहात हे विसरून चालणार नाही, कारण जगभर विकल्या जाणाऱ्या पिकेलहाउबेच्या नकला मोठ्या प्रमाणात भारतातच बनतात. इथल्या लिलावात 'भारतीय' हा शब्द कुजबुजला की लोक हसतात आणि मला जरा लागतं, पण खरंय ते. ओळखायच्या खुणा: जाड, जड चामडं (खरं ऑफिसर-टोप हातात घेतलं की हलकेपणाचं आश्चर्य वाटतं), ओतीव गरुड ज्याची पिसं वितळल्यासारखी, सगळ्या पितळाला एकसारखा पिवळा रंग, आत नवं सुएड. शिवणीवर अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा, आजचा सिंथेटिक दोरा निळसर पांढरा चमकतो, जुना ताग किंवा सुती दोरा मळकटच राहतो. लोहचुंबक पितळी भागांना चिकटला तर आत लोखंड आहे. हा, युद्धात १९१५ च्या मॉडेलला करड्या लोखंडाचे भाग आले, ते चिकटतातच, पण ते सोनेरी नसतात.

आणि ते अख्खं धातूचं, चकचकीत, गरुडवालं जे चोरबाजारात शोभेला मांडलेलं असतं त्याच्याशी याची गल्लत करू नका. पायदळाचं चामड्याचंच. धातूचं असायचं क्युरासिअर घोडदळाचं, त्याला मागे मान झाकणारी लांब शेपूट असते, बिस्मार्कच्या फोटोंत दिसतं ते. अजून एक, तुमच्या ओळखीत कुणाकडे 'अजून एक जर्मन' निघालं आणि ते पांढरं, कापड चढवलेलं, आत बुचाच्या लाकडाचं असेल तर ते ब्रिटिश आहे, १८७८ च्या सुमारास त्यांनीही टोकाची फॅशन उचलली होती आणि भारतात तीच जास्त सापडतात.

म्हणजे आतापर्यंतचं थोडक्यात: जनरल नाही, प्रशिया हो, रिझर्व्ह बहुतेक, ऑफिसर की एकवर्षीय हे भोकं, बाजूचा स्क्रू आणि वापेनची पाठ ठरवणार. हे तिन्ही जुळले तर मी वर्णन असं लिहीन, तुम्ही हवं तसं बदला:

"प्रशिया, लाइन पायदळ, रिझर्व्ह ऑफिसरचं शिरस्त्राण, साधारण १८९७ ते १९१४. काळं वार्निश केलेलं चामडं, मागच्या बाजूला वार्निशला बारीक तडे. गोल पुढचा व्हायझर, पितळी कड. सोनेरी मुलाम्याचं वापेन, मुकुट कापीव, छातीवर वेगळा जडवलेला लांडवेअर क्रॉस, आटेवाल्या खुंट्यांनी बसवलेलं. गोल बैठक, मण्यांची रिंग, चांदणी-स्क्रू तीन, चौथा नाही. उजवीकडे साम्राज्याची चकती, डावी नाही. खवल्यांचा पट्टा अर्धा. रेशमी अस्तर फाटलेलं पण मूळ. टोपात जास्तीची भोकं नाहीत. दुरुस्ती, रंगरंगोटी आढळली नाही."

बघा, यात 'दुर्मिळ', 'भव्य', 'म्युझियम क्वालिटी' असा एक शब्द नाही. ज्या वर्णनात असे शब्द जास्त असतात तिथे मी भोकांचा फोटो आधी मागतो. आणि जे तुम्ही तपासलं नाही ते 'तपासलेलं नाही' असं लिहायला लाजू नका, वापेन सोडवलं नसेल तर 'मागची बाजू पाहिलेली नाही'. किमतीचं विचारलंत, पण मी आत्ता आकडा सांगणार नाही, कारण वरच्या तीन गोष्टींपैकी एक जरी बिघडली तरी आकडा निम्म्याहून खाली येतो, आणि बाजार जर्मनीत आहे, तुम्ही पुण्यात.

त्यावरून एक कायद्याची गोष्ट, ही गांभीर्याने घ्या. भारतात १९७२ चा अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स ॲक्ट आहे, शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू त्यात पुरावस्तू म्हणून येऊ शकते आणि पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. वस्तू परदेशी आहे म्हणून आपोआप सुटली असं गृहीत धरून कुरिअर करू नका, आधी भारतीय पुरातत्त्व खात्याकडे विचारा, लेखी. दुकानदार "मी पाठवतो, काळजी करू नका" म्हणाला असेल तर काळजी करा.

ठेवायचं कसं. पुणं ठीक आहे, कोकणात किंवा मुंबईत असतं तर चामड्यावर बुरशी हमखास. लोखंडी कपाटात डांबरगोळ्यांसोबत नको, प्लास्टिकच्या पिशवीत तर अजिबात नको, आत दमट हवा कोंडते. तेल, व्हॅसलीन, बूट पॉलिश, काही लावायचं नाही, वार्निशच्या तड्यांतून तेल आत गेलं की वार्निश पापुद्र्यासारखं सुटतं. आतून मऊ ॲसिड-फ्री कागदाचा बोळा भरा म्हणजे टोपाचं वजन त्याच्या शिवणींवर येणार नाही, जुन्या सुती धोतराने सैल झाका आणि उन्हापासून लांब एका फळीवर ठेवा. टोकाला धरून उचलायचं नाही, सगळे पाहुणे नेमकं तेच करतात.

फोटो पाठवाल तेव्हा हे हवेत: टोक काढून बैठक वरून, आतून टोपाचा कळस, दोन्ही बाजूचे स्क्रू, व्हायझर खालून, आणि वापेन अगदी बाजूने म्हणजे त्याच्या आणि चामड्याच्या मधली फट दिसेल असं. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश नको. आणि तो चौथा चांदणी-स्क्रू, ट्रंकेच्या तळाचा कागद उचलून कोपऱ्यांत एकदा हात फिरवून बघा, चण्याच्या डाळीएवढा असतो, माझ्या अनुभवात दोनदा तो तिथेच निघालाय.